पाण्याचा चुलतभाऊ



आमच्या वस्तीतील बुद्धविहारात रोज संध्याकाळी दहावीच्या मुलामुलींची अभ्यासिका चालते. आम्ही तिथे गणित आणि इंग्रजी पाहतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, दिवसभर कचेरीत आवक-जावक लिहिणारे. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शाळेबरोबरच संपला. तरीही मूल प्रश्न घेऊन आले की "हा आमचा विषय नव्हे" असे म्हणून त्याला परत पाठविणे आमच्या जिवावर येते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसावे लागले, त्यांच्या नातवंडांना कोणी प्रश्नासकट माघारी धाडू नये.

गेल्या महिन्यात अशाच एका मुलाने वही पुढे केली. म्हणाला, "काका, पाण्याचा रेणू वजनाने अठरा आणि हायड्रोजन सल्फाइडचा चौतीस. म्हणजे तो जवळजवळ दुप्पट जड. मग जड असून तो वायू कसा, आणि हलके असून पाणी पातळ कसे? उलटे व्हायला पाहिजे ना?"

आम्ही पुस्तक चाळले. दोन्हींची सूत्रे होती, उत्तर नव्हते. "पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मुलाने दप्तर भरता भरता हळूच सांगितले, "पप्पा ज्या चेंबरमध्ये उतरतात ना, तिथे हाच वायू असतो म्हणे. म्हणून विचारले."

त्यानंतर तो प्रश्न आम्हाला परीक्षेचा वाटेना.

आमच्या ओळखीच्या एक विज्ञान शिकविणाऱ्या बाई आहेत. त्यांच्याकडे आम्ही दोन संध्याकाळी जाऊन बसलो आणि वयाच्या चाळिशीनंतर पुन्हा विद्यार्थी झालो. त्यांनी जे समजावले ते आमच्या भाषेत खाली देत आहोत.

जगातील प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण अणू सुटे राहत नाहीत. ते एकमेकांशी बंध जोडतात आणि वस्तूचा स्वभाव त्या बंधावर ठरतो. मिठाचे उदाहरण घ्या. सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर भडकतो. क्लोरीन हा विषारी वायू, पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांना मारण्यासाठी वापरलेला. हे दोघे एकत्र आले की आपण भाजीत टाकतो ते मीठ तयार होते. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो आणि त्या देण्याघेण्याने दोघे असे घट्ट चिकटतात की मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस उष्णता लागते.

पाण्यातला बंध वेगळा आहे. तिथे कोणी कोणाला देऊन टाकत नाही, भागीदारी असते. हे मात्र आम्हाला लगेच कळले, कारण बी. कॉम.ला भागीदारीचे हिशेब आम्ही पुष्कळ केले आहेत. हायड्रोजनजवळ एकच इलेक्ट्रॉन असतो, त्याला दोन हवे असतात. प्राणवायूच्या बाहेरच्या कक्षेत सहा असतात, त्याला आठ हवे असतात. म्हणून एक प्राणवायू दोन हायड्रोजनबरोबर भागीदारी करतो. प्रत्येकाने एकेक इलेक्ट्रॉन घालायचा आणि ती जोडी दोघांनी वापरायची. झाले एच-टू-ओ. अशी जोडी जोडीने भागीदारी होते, ही कल्पना अमेरिकेतील गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडली.

आता भागीदारीत भांडवल सारखे असले तरी गल्ला कोणाच्या बाजूला ठेवला आहे, यावर सगळे असते. प्राणवायू हा इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढणारा भागीदार आहे. जोडी म्हणायला दोघांची, पण ती प्राणवायूकडे सरकलेली. त्यामुळे प्राणवायूवर थोडा ऋण भार येतो आणि बिचाऱ्या हायड्रोजनवर थोडा धन भार येतो. शिवाय पाण्याचा रेणू सरळ रेषेत नसतो, कोपरातून वाकवलेल्या हातासारखा साधारण १०४.५ अंशांत वाकलेला असतो. म्हणून एका बाजूला ऋण आणि दुसऱ्या बाजूला धन अशी स्पष्ट विभागणी होते. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या प्राणवायूकडे ओढला जातो. याला हायड्रोजन बंध म्हणतात. रेणूच्या आतल्या बंधाच्या मानाने तो दुबळा, सुमारे विसाव्या हिश्शाइतका. पण एकेक रेणू आजूबाजूच्या चौघांशी असा हात धरू शकतो.

६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रांगेत आपल्या गावची माणसे कशी चालतात ते आठवा. गर्दीत हात सुटतो, दुसऱ्याचा धरला जातो, पुन्हा सुटतो. पण मंडळी पांगत नाहीत. पाणी असे आहे. हात धरलेले आहेत म्हणून ते पातळ राहते, वाफ होऊन उडून जात नाही. सगळे हात सोडवून त्याला उकळवायला १०० अंशांपर्यंत तापवावे लागते.

आता चुलतभावाकडे वळू. आवर्तसारणीत प्राणवायूच्या बरोबर खाली गंधक बसतो. दोघे एकाच कुळातले. गंधकाच्याही बाहेरच्या कक्षेत सहाच इलेक्ट्रॉन, तोही दोन हायड्रोजनशी भागीदारी करतो, त्याचाही रेणू वाकलेला. सूत्र लिहिले तर ओच्या जागी फक्त एस. पण गंधकाचा अणू मोठा, आणि त्याची ओढ हायड्रोजनपेक्षा किंचितच जास्त. गल्ला जवळजवळ मधोमध राहतो. त्यामुळे हायड्रोजनवर धन भार नावापुरताच येतो, आणि शेजाऱ्याचा हात धरायला तेवढा पुरत नाही. जो तो सुटा. म्हणून हायड्रोजन सल्फाइड शून्याखाली ६० अंशांनाच उकळतो. आपल्याकडच्या हवेत तो कधी पातळ दिसायचाच नाही.

बाईंनी आणखी एक गंमत दाखविली. याच कुळात गंधकाच्या खाली सेलेनियम आणि त्याखाली टेल्युरियम आहे. त्यांच्या हायड्रोजनच्या संयुगांचे उत्कलनांक अनुक्रमे उणे ४१ आणि उणे २. वजन कमी होत जाते तसा आकडा खाली जातो. याच चालीने पाणी, सर्वांत हलके म्हणून, शून्याखाली ऐंशीच्या आसपास उकळायला हवे होते. तसे असते तर पृथ्वीवर ना नदी, ना विहीर, ना आपण. मुलाची शंका बरोबर होती. नियमाप्रमाणे वागतो तो गटारातला वायू, आणि नियम मोडून बसले आहे ते पाणी.

घरातील पुष्कळ गोष्टी या हात धरण्यामुळेच होतात. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब गोल होऊन बसतो तो त्यामुळे. बर्फ पाण्यावर तरंगतो तेही त्यामुळे, कारण गोठताना रेणू हात ताणून जागा अडवून बसतात. उन्हाळ्यात माठ गार होतो त्याचाही हिशेब आम्ही मांडून पाहिला. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडायचे तर सगळे हात सोडवायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि तिच्यातला मोठा भाग ते आतल्या पाण्यातून घेते. सगळी उष्णता आतूनच गेली असे धरले, तर एक ग्रॅम उडाले की ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी गार होईल. मुंबईच्या दमट हवेत पाणी लवकर उडत नाही, म्हणून तिथला माठ विदर्भातल्या माठाची बरोबरी करीत नाही.

इथे थोडे विषयांतर होईल, पण ते केल्यावाचून राहवत नाही. पाण्यातला एकेक हायड्रोजन बंध टिकतो किती वेळ, असे आम्ही बाईंना विचारले. एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर त्यांतला एखादा तुकडा, एवढाच. तेवढ्यात हात सुटतो आणि दुसऱ्याचा धरला जातो. म्हणजे मघाशी आपल्याला कोणाचा हात लागला, हे लक्षात ठेवायची सोयच पाण्याजवळ नाही. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून १०८ घागरींचा विधी झाला. शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात गेले. पुढे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. बाईंच्या टेबलावर कागदावर काढलेले ते रेणू पाहताना आमच्या मनात आले, की दहा वर्षे कोर्टात ज्यावर वाद चालला त्या पाण्याला त्या दिवसाची आठवण दुसऱ्या क्षणीही नव्हती. शेणाचा परिणाम मात्र पाण्यावर नक्की झाला असेल. त्यातल्या जंतूंना मंत्र समजत नाहीत.

काही बांधव म्हणतात की अणू-रेणूंचे हे सारे शास्त्र आपल्या त्रिपिटकात अगोदरच सांगितले आहे. आम्हाला हे पटत नाही. असे दावे दुसऱ्यांनी त्यांच्या पोथ्यांबद्दल केले तर आपण हसतो. तथागतांनी कारणावाचून कार्य नाही हे सांगितले, तेवढे आम्हाला पुरेसे आहे. बाकीचे शोध लोकांनी प्रयोगशाळेत घाम गाळून लावले, त्यांचे श्रेय त्यांना द्यावे.

असो. मूळ गोष्टीकडे येऊ.

हा वायू गटारात येतो कुठून? मलमूत्रात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत गंधकाची संयुगे असतात. बंद चेंबरमध्ये, सेप्टिक टँकमध्ये हवा नसते. तिथले जंतू श्वासासाठी प्राणवायूऐवजी गंधकाची ती संयुगे वापरतात आणि उच्छ्वास म्हणून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. अंडे फार वेळ उकडले तर बलकाभोवती हिरवट कडे येते, ते याच वायूचे काम. पांढऱ्यातला गंधक वायू होऊन बलकातल्या लोहाला धरतो. बायकांचे चांदीचे पैंजण काळे पडतात तेही हवेतला गंधक चांदीशी बंध जोडतो म्हणून. धातू दिसला की धरायचा, हा या गंधकाचा स्वभाव.

आणि माणसाच्या शरीरात धातू आहे. प्रत्येक पेशीत प्राणवायू वापरणारे एक यंत्र असते, त्याच्या मर्मस्थानी लोह आणि तांबे असते. हा वायू छातीत गेला की तो त्या लोहाला जाऊन बसतो. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. चेंबरच्या तोंडाशी उभ्या असलेल्यांना वाटते माणूस बुडाला किंवा घसरला. पुष्कळ वेळा तो बुडण्याआधीच गेलेला असतो.

हे सर्व ऐकल्यावर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. त्याचे वडील एका कंत्राटदाराकडे चेंबर आणि टाक्या साफ करण्याच्या कामावर आहेत. चहा झाला. आम्ही विचारले, "भाऊ, उतरण्यापूर्वी आत हवा चांगली आहे की नाही, हे तुम्ही कसे ओळखता?"

ते म्हणाले, "दादा, पंधरा वर्षं झाली. झाकण काढलं की सडक्या अंड्याचा वास येतो. थोडा वेळ थांबायचं. वास कमी झाला की समजायचं, हवा निघून गेली. मग उतरायचं."

आमच्या पोटात गोळा आला. कारण बाईंनी नेमके हेच सांगितले होते. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू एक भागापेक्षाही कमी असला तरी नाकाला कळतो. शंभर भाग झाला की काही मिनिटांत नाकाची वासाची नस बधिर होते. वायू तिथेच असतो, वाढलेलाही असतो. वास तेवढा जातो. पाचशे-सातशे भाग झाला की माणूस मिनिटांत कोसळतो, आणि हजारावर गेला की एकदोन श्वासांतच. म्हणजे हे भाऊ ज्याला सुरक्षिततेची खूण समजत होते, ती कधीही मरणाची खूण ठरली असती.

"काडी पेटवून पण बघतो ना," त्यांनी सांगितले. "विझली नाही म्हणजे ठीक." हेही घातक. काडी विझली तर प्राणवायू कमी आहे एवढे कळेल. पण हायड्रोजन सल्फाइडचे जीवघेणे प्रमाण काडीला कळत नाही. आणि चेंबरमध्ये मिथेन असतो, त्याला वास नसतो. हवेत तो शंभरात पाच ते पंधरा भाग असला तर काडीने स्फोट होतो.

ओल्या रुमालाची गोष्टही निघाली. रेणूला रुमाल म्हणजे उघडे दार. ओल्या कापडात थोडा वायू विरघळेल, पण चार श्वासांपलीकडे त्याचा उपयोग नाही. "आणि दोन घोट घेतल्याशिवाय आत उतरवत नाही, दादा," असे ते खाली मान घालून म्हणाले. पाचवे शील शिकवायला आम्ही तिथे गेलो नव्हतो. ज्या कामाला शुद्धीवर असताना उतरवत नाही, ते काम माणसाला सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला पाहिजे. पण दारूने हा वायू अडत नाही, आणि पळायची वेळ आली तर पाय मात्र अडखळतात, एवढे आम्ही सांगितले.

त्यांना एक अनुभव आठवला. वर काही वास नव्हता, आतला गाळ फावड्याने ढवळला आणि डोके गरगरले. वरच्यांनी दोरी ओढली म्हणून वाचले. याचे कारण बाईंनी सोड्याच्या बाटलीवरून सांगितले होते. एक लिटर पाण्यात हा वायू अडीच लिटरपर्यंत विरघळून राहू शकतो, पण पाणी त्याला घट्ट धरीत नाही. ढवळले की तो एकदम सुटतो. वजनाने हवेपेक्षा थोडा जड, म्हणून खड्ड्यातच साचतो. झाकण सकाळपासून उघडे ठेवले होते, म्हणून धोका नाही, असे समजू नये.

एक उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रात दोन-दोन, तीन-तीन नावे येतात ती अशी. आणि त्यांत सख्खे भाऊ, बाप-लेक असतात. घरच्यांनी हे ध्यानात ठेवावे: आत माणूस पडला तर कोणीही मागोमाग उतरू नये. कमरेला पट्टा आणि दोरी असेल तर वरून ओढावे, अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर कळवावे. हवेचे नळकांडे पाठीवर असलेल्या माणसानेच आत जावे. साध्या मास्कने भागत नाही.

खरा उपाय यंत्र. माणसाने उतरूच नये. आणि हे केवळ आमचे म्हणणे नाही. १९९३ साली पहिला कायदा झाला. २०१३ चा दुसरा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. तारीख आपल्याला सांगायला नकोच. त्यातील कलम ७ प्रमाणे सुरक्षेची साधने आणि खबरदारी यांवाचून गटारात वा सेप्टिक टँकमध्ये कोणालाही उतरविणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "तो स्वखुशीने उतरला" हे म्हणणे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी १९९३ पासूनच्या अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला दहा लाख देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. २९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्यास सांगितले.

कागदाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट सांगतो. दुर्घटना झाली की अंत्यविधीच्या गडबडीत कोणीतरी पन्नास हजार हातात ठेवते आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेते. आमच्या पाहण्यात हे झाले आहे. अंगठा देऊ नका. पोलिसांतील नोंदीची प्रत आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागून घ्या. माणूस त्या दिवशी कामावर होता याचा पुरावा, मग ते हजेरीचे कार्ड असो की मुकादमाचा मोबाईलवरचा निरोप, जपून ठेवा.

त्या भाऊंनी आणि त्यांच्या सोबतच्या सहा जणांनी मिळून कंत्राटदाराच्या कचेरीत अर्ज दिला आहे. मसुदा आम्ही लिहिला, पोच घेतली. मागण्या तीनच: वायू मोजण्याचे विजेरी यंत्र, हवा खेळती करण्याचा पंखा, पट्टा-दोरीसह वर दोन माणसे. आणि यंत्राची गाडी मिळेपर्यंत टाकीत उतरणार नाही, हे खाली लिहिले आहे. अर्जाला अजून उत्तर आलेले नाही. मुकादमाने "फार शिकलात काय?" एवढे विचारले. दोघांचा रोज दोन दिवस बुडाला, तो विहाराच्या निधीतून भरून देण्याचे समितीने ठरविले आहे.

मुलाला उत्तर मिळाले. त्याने ते वहीत नीट लिहिले, आकृतीसह. वडिलांना वाचून दाखविले का, असे विचारले तर म्हणाला, "पप्पांनीच मला परत विचारलं, वास गेला की का उतरायचं नाही ते. दोनदा."

येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर बाई विहारात येणार आहेत. शिशाच्या एका क्षारात भिजविलेला कागद या वायूने कसा काळा पडतो, ते त्या लांबूनच दाखवतील. तो क्षार विषारी आहे म्हणून लहान मुलांना पुढे बसवू नये. चेंबरवर काम करणारे जे कोणी बांधव असतील, त्यांनी घरच्या मंडळींना सोबत आणावे. चहा समितीकडून.